पिवळ्या पट्टीचा पूर्वेतिहास

गेल्या पावसाळ्यात तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा रसायन कारखान्याच्या कचेरीत जाण्याचा योग आम्हांस आला. साहित्याच्या अध्यापकांचे तेथे काय काम, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील त्या कारखान्यात हिशेबनीस आहेत. जुन्या फाँटांत टंकलेले लेख युनिकोडात आणण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे मॅक्रोंशी झटापट करीत आलो आहोत, हे तिला पाठ्यक्रम संपल्यानंतरही लक्षात राहिले होते. तेवढ्या भांडवलावर तिने आम्हांस या विषयातील जाणकार ठरविले आणि एका शनिवारी सकाळी बोईसर स्थानकावर उतरवून घेतले.

अडचण अशी होती. जीएसटीपूर्व काळातील, म्हणजे मूल्यवर्धित कराच्या दिवसांतील, एका वर्षाच्या खरेदीवरील कराची वजावट खात्याने नाकारली होती आणि ते प्रकरण अपिलात होते. सुनावणी आठ दिवसांवर आलेली. त्या वर्षीची पुरवठादारनिहाय खरेदी ज्या एक्सेल-धारिकेत होती, ती धारिका परवलीचा शब्द दिल्यावर उघडत असे, परंतु आतले काहीच दाखवीत नसे. दिसे ते एकच पान. आणि त्यावर तांबड्या अक्षरांत, इंग्रजीत, एकच आज्ञा : मॅक्रो चालू करा, मग धारिका पुन्हा उघडा. मॅक्रो चालू करण्याची सोय मात्र कोठेच दिसत नव्हती. ही धारिका १५-१६ वर्षांपूर्वी एका होतकरू मुलाने करून दिली होती. तो मुलगा केव्हाच दुसरीकडे निघून गेला, आणि संहितेला त्याने लावलेले कुलूप उघडणारा शब्दही त्याच्याबरोबर गेला.

काकांच्या टेबलापाशी आम्ही बसलो, तेव्हा आमची नजर प्रथम पडद्यावर न जाता पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेल्या एका कागदावर गेली. कागद पिवळा पडलेला, शाई निळी. त्यावर देवनागरीत लिहिले होते : ‘टूल्स – मॅक्रो – सिक्युरिटी – लो – ओके. मग फाइल बंद करून परत उघडणे.’ ज्या एक्सेलसाठी ही टीप लिहिली, त्या २००३च्या आवृत्तीतला तो ‘टूल्स’ नावाचा कप्पा २००७च्या आवृत्तीतच नाहीसा झाला. कागद मात्र दोन संगणक पालटले तरी एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर येत राहिला. इतिहासाची साधने म्हणून आपण ताम्रपट आणि बखरी शोधतो. आम्हांस तो कागद त्याच जातीचा वाटला. एखाद्या राज्यव्यवस्थेने सामान्य माणसाला विश्वासाविषयी नेमके काय शिकविले, याची नोंद त्यात होती.

ती नोंद वाचावयाची तर थोडे मागे जावे लागते.

तक्त्यांचे पहिले गाजलेले सॉफ्टवेअर, ‘व्हिझिकॅल्क’, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली बाजारात आणले. १९८३च्या ‘लोटस १-२-३’ मध्ये मॅक्रो आले. मॅक्रो म्हणजे काय, तर एकामागून एक दाबावयाच्या कळांची टिपून ठेवलेली यादी. ती एकदा लिहिली की एका कळीने सारे आपोआप घडते. एक्सेलमध्ये या यादीची स्वतंत्र भाषाच झाली आणि १९९३च्या पाचव्या आवृत्तीत ‘व्हिज्युअल बेसिक’ दाखल झाले. येथे एक मोठी गोष्ट घडली, आणि तिची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. तोवर दस्तऐवज ही वाचावयाची वस्तू होती. आता दस्तऐवज स्वतः काहीतरी करू लागला. तुम्ही तो वाचण्यासाठी उघडता, आणि तो उघडता उघडता तुमच्या यंत्रावर कामे उरकतो. वाचक आणि संहिता यांच्या नात्याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच चर्चा झाली. परंतु संहिताच वाचकाच्या घरात शिरून कपाटे उघडील, ही कल्पना त्या चर्चेत कोणाच्या मनात आली असेल असे वाटत नाही.

परिणाम लवकरच दिसला. १९९५मध्ये वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा ‘कन्सेप्ट’ हा विषाणू आला आणि १९९६मध्ये एक्सेलचा पहिला विषाणू, ‘लारू’. लारू कोणाचे काही बिघडवीत नसे. एक्सेल सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या एका खासगी धारिकेत तो स्वतःची प्रत ठेवी आणि त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक तक्त्याला चिकटे. तेवढेच. परंतु तेवढ्याने दार किती सताड उघडे आहे हे कळले. मग एक्सेल ९७ने दारावर एक रखवालदार बसविला. धारिकेत मॅक्रो आढळले की पडद्यावर एक चौकट येई : मॅक्रो चालू करावेत, बंद ठेवावेत, की धारिका उघडूच नये? आमच्या लेखाचा नायक हाच प्रश्न होय. पुढे त्याने चौकटीऐवजी पिवळ्या पट्टीचे रूप घेतले, एवढेच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. त्या चौकटीतला मजकूर असा आशय सांगे की मॅक्रोंमध्ये विषाणू असू शकतात. ते बंद ठेवणे केव्हाही सुरक्षित. पण मॅक्रो प्रामाणिक असतील तर बंद ठेवल्याने काही सोयींना मुकावे लागेल. म्हणजे इशारा शक्यतार्थी, सल्ला निःसंदिग्ध, आणि लगेच त्या सल्ल्याला छेद देणारा ‘परंतु’. निर्णय वाचकाचा. आणि वाचक कोण? तर मॅक्रो प्रामाणिक आहेत की नाहीत हे ठरविण्याचे कोणतेही साधन ज्याच्या हाती नाही, असा माणूस. संहिता त्याला दिसत नाही. दिसली तर वाचता येत नाही. आणि काम तर आजच्या आज संपवायचे आहे. रखवालदाराने पाहुण्याला न अडविता घरमालकालाच विचारावे, की हा चोर आहे काय, आणि उत्तराची जबाबदारीही त्याच्यावरच टाकावी, असा हा प्रकार. घरमालक काय म्हणणार? येऊ द्या.

२६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ पसरला आणि टपालाचे मोठमोठे सर्व्हर ठप्प झाले. ऑफिस २०००मध्ये मग सुरक्षेच्या तीन पातळ्या आल्या : हाय, मीडियम, लो. ‘मीडियम’वर प्रश्न विचारला जाई. ‘लो’वर काहीच न विचारता सारे चाले. ‘हाय’वर, ज्या मॅक्रोंवर विश्वसनीय डिजिटल स्वाक्षरी नाही ते मुकाट्याने बंद केले जात. या ‘मुकाट्याने’ शब्दावरच सारा घोळ झाला. ‘हाय’ पातळीवरील संगणकावर धारिका उघडली, तक्ता दिसला, बटण दाबले, काही घडले नाही. प्रश्न विचारला गेला नाही म्हणून उत्तर देण्याचीही संधी नाही. माणसाला वाटे, धारिकाच बिघडली. त्या दशकातील अशा तक्रारींचे मूळ बहुधा येथेच सापडे : बिघाड नव्हताच, होती ती न बोललेली मनाई.

आता तारापुराकडे वळू. देशातील पहिले अणुवीज केंद्र येथे २८ ऑक्टोबर १९६९पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले, हे शाळकरी पुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आगेमागे बोईसरच्या पूर्वेस व पश्चिमेस जी वस्ती वाढली, ती मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे : रसायने, औषधांचे कच्चे माल, कापड, पोलाद. मोठ्या कारखान्यांची मुख्य कचेरी मुंबईत. तेथे संगणकाचा स्वतंत्र विभाग असे. लहान कारखान्यांत मात्र एक हिशेबनीस, एक संगणक आणि आठवड्यातून एकदा येणारा दुरुस्तीवाला, एवढाच सरंजाम. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागे आणि डहाणूपर्यंत लोकल गाडी तर १६ एप्रिल २०१३ला सुरू झाली. त्यामुळे ‘आता विवरणपत्रे संगणकावरून पाठवा’ असे सरकारने सांगितले, तेव्हा येथील लोकांस आनंदच झाला असला पाहिजे. काकाही म्हणाले, ‘सर, एक फेरी वाचली तरी अर्धा दिवस वाचायचा.’

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५पासून १९५९च्या विक्रीकर कायद्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. काही वर्षांत त्याची विवरणपत्रे इलेक्ट्रॉनिक झाली. फॉर्म २३१ ते २३५ आणि लेखापरीक्षेचा फॉर्म ७०४ ही नावे त्या काळातील कोणत्याही हिशेबनिसासमोर उच्चारून पाहावीत. चेहऱ्यावर जे भाव उमटतात, त्यांत एका पिढीचा इतिहास आहे. हे फॉर्म म्हणजे एक्सेलच्या संरक्षित धारिका होत्या. ठरावीक चौकोनांतच लिहिता येई, बाकी सारे कुलूपबंद. आणि तपासणी, बेरजा, पाठविण्याजोगे रूप तयार करणे ही कामे आतील मॅक्रो करीत. केंद्रीय अबकारी आणि सेवाकराच्या विवरणपत्रांसाठीही एक्सेलची साधने आली. प्राप्तिकराची तर आलीच, आणि ती आजही आहेत. तारापूरच्या लहान कारखान्यातील एक माणूस अशा रीतीने तीन-चार खात्यांच्या मॅक्रोंचा एकाच यंत्रावर सांभाळ करू लागला.

मॅक्रो चालू नसतील तर यांपैकी काहीच चालणार नव्हते. म्हणून सूचना दिल्या गेल्या. प्राप्तिकराच्या एक्सेल-साधनातील सूचना आम्ही स्वतः अनेकदा वाचली आहे : जुन्या एक्सेलमध्ये सुरक्षेची पातळी ‘लो’ करा, २००७च्या एक्सेलमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये जाऊन सर्व मॅक्रो चालू करण्याचा पर्याय निवडा. काम झाल्यावर पातळी पूर्ववत करा, अशी आठवण मात्र कोणाच्या तोंडी आम्ही ऐकली नाही. भिंतीवरल्या त्या कागदातही तशी ओळ नव्हती. ‘मीडियम’ ठेवूनही भागले असते. परंतु दर महिन्याला, दर फॉर्मला, दर वेळी तोच प्रश्न. वीज जाऊन संगणक बंद पडला की पुन्हा तोच प्रश्न. (अणुवीज केंद्राच्या शेजारच्या गावात भारनियमन, हा त्या वर्षांतील विनोद काकांनी आम्हांस दोनदा ऐकविला.) ‘लो’ केले की प्रश्न कायमचा मिटे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’च द्यायचे, तो विचारायचा तरी कशाला?

येथे आमचे मत स्पष्ट सांगावयास हवे. मॅक्रोच्या इशाऱ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, त्यांना सुरक्षेचे भान नाही, असे संगणकतज्ज्ञ नेहमी म्हणतात. बोईसरच्या हिशेबनिसाला ते भान नव्हते असे नव्हे. त्याला उलट शिक्षण दिले गेले. कायद्याने बंधनकारक असलेले, विलंब झाल्यास दंड होणारे काम ज्या कृतीवाचून होत नाही, ती कृती धोकादायक आहे असे त्याने कसे मानावे? इशारा देणारी कंपनी परदेशी आणि अदृश्य. आज्ञा देणारे सरकार देशी आणि दंड करणारे. दोहोंत कोणाचे ऐकले जाईल, हे सांगणे न लगे.

आणि ही सवय निरुपद्रवी राहिली नाही. २०१४नंतर मॅक्रोंतून पसरणाऱ्या उपद्रवी आज्ञावल्यांना पुन्हा बहर आला : ‘ड्रायडेक्स’, २०१६चा ‘लॉकी’, पुढे ‘इमोटेट’. त्यांचे तंत्र पाहण्यासारखे होते. टपालाने धारिका येई : बिल, पावती, थकबाकीची नोटीस. उघडली की एकच पान दिसे आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असे, की मजकूर संरक्षित आहे. तो पाहण्यासाठी मॅक्रो चालू करा. वाचकांच्या लक्षात आले असेलच. काकांच्या धारिकेतील तांबडे वाक्य आणि हे वाक्य यांत आशयाचा फरक नव्हता. मॅक्रो बंद असतील तर सगळी पाने दडवून केवळ सूचनेचे पान दाखवायचे, ही युक्ती प्रामाणिक मंडळींनी रूढ केली. चोरांनी फक्त ती जशीच्या तशी उचलली. साहित्यात आपण विडंबन आणि अनुकरण यांचा भेद करतो. येथे अनुकरण इतके पूर्ण होते की मूळ कोणते हे संहितेवरून सांगताच येऊ नये. इमोटेटच्या मंडळींनी तर कधी कधी धारिका परवलीच्या शब्दाने बंद करून, तो शब्द पत्रातच लिहून पाठविली. हेतू असा की वाटेवरच्या विषाणूरोधकाला आत डोकावता येऊ नये आणि वाचकाला मात्र यावे. कुलूप दिसले की आत मौल्यवान काही असणार, असे आपणांस वाटतेच.

कुलपांविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण काकांच्या अडचणीचे मर्म तेथेच होते. एक्सेलमध्ये ‘पासवर्ड’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी नांदतात. धारिका उघडण्याचा शब्द हे खरे कुलूप : त्याने मजकूर कूटरूपात जातो. बदल करण्याचा शब्द ही केवळ विनंती. तो न देता धारिका वाचता येतेच. पानाचे किंवा वहीच्या रचनेचे संरक्षण हे कुंपण; चुकून पाय पडू नये एवढ्यासाठी. आणि चौथा, मॅक्रोंच्या संहितेवरचा शब्द, तो संहिता चालण्यापासून अडवीत नाही, फक्त वाचण्यापासून अडवितो. जुन्या स्वरूपातील पानांचे कुंपण तर इतके तकलादू, की मूळ शब्द कोणताही असो, त्याचा जो सारांश धारिकेत साठविला जाई तो फक्त १६ बिटांचा. त्यामुळे असंख्य शब्दांचा सारांश एकच निघे. नुसते १,९४,५६० शब्द क्रमाने लावून पाहणारा एक छोटा मॅक्रो सर्वत्र फिरत असे आणि तो थोड्या वेळात चालणारा एखादा शब्द काढून देई. मूळ शब्द नव्हे, पण चालणारा. ज्याच्या हाती तो मॅक्रो नाही, त्याच्यापुरते ते कुंपण भक्कम.

आपल्या जुन्या कागदांत याहून नेमका विचार दिसतो. मराठेकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. शिक्का सांगे, हे पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, लेखन येथे संपले, यापुढे कोणी ओळ वाढविली असेल तर ती आमची नव्हे. कागदांच्या पट्ट्या चिकटवून लांब केलेल्या पत्रात जोडांवर पाठीमागून शिक्के उठवीत, म्हणजे मधली पट्टी कोणी बदलू नये. कोण, कोठपर्यंत, आणि अखंड आहे काय, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे. मजकूर गुप्त राखणे ही चौथी गोष्ट, आणि तिची व्यवस्था निराळी. डिजिटल स्वाक्षरी हे याच परंपरेतले साधन. स्वाक्षरी केलेल्या मॅक्रोत एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी रद्द होते. परंतु पालघरच्या एखाद्या मुलाने कारखान्यासाठी लिहिलेल्या संहितेवर अधिकृत प्रमाणपत्राची स्वाक्षरी कोण, कशाला आणि किती पैसे देऊन करणार? त्याने पासवर्ड लावला. गुप्ततेचे साधन प्रामाण्यासाठी वापरले. गोंधळाचे मूळ हेच आहे.

या संदर्भात एका शब्दाची हकीकत शब्दप्रेमी वाचकांना आवडेल. जुन्या एक्सेलमध्ये वहीच्या रचनेला संरक्षण दिले, की धारिका आतून कूटरूपात जाई, आणि त्यासाठी वापरला जाणारा परवलीचा शब्द कंपनीने स्वतःच ठरवून आज्ञावलीत पुरून ठेवला होता : ‘व्हेल्व्हेटस्वेटशॉप’. म्हणजे मखमली घाणा म्हणा, किंवा मखमलीची वेठबिगारी. १९८९मध्ये सिॲटलच्या एका वृत्तपत्राने मायक्रोसॉफ्टमधील कामाच्या पद्धतीविषयी लिहिताना हे शब्द वापरले होते. तेथील कोणा अज्ञात लेखनिकाने आपल्याच धन्याची ती निंदा जगभरच्या हिशेबांच्या गाभ्यात कोरून ठेवली. एक्सेल हा शब्द आधी स्वतःच लावून पाहते. जुळला तर वापरणाऱ्याला काही विचारतच नाही. चोरांनी त्याचाही उपयोग करून घेतला. २०२० साली पसरलेल्या काही धारिका याच शब्दाने बंद केलेल्या होत्या : तपासणाऱ्याला त्या कूट दिसत, उघडणाऱ्याला सताड उघड्या.

असो. काकांच्या धारिकेकडे येऊ.

तिच्या दोन प्रती होत्या. एक कचेरीतील जुन्या संगणकावर, जेथे विंडोज ७ आणि एक्सेल २०१० होते. दुसरी, काकांनी स्वतःलाच टपालाने पाठवून नव्या लॅपटॉपवर उतरविलेली. दोन्हीकडे मॅक्रो चालत नव्हते आणि दोन्हीकडे कारण वेगळे होते. ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत आमचा तासभर गेला, हे कबूल केले पाहिजे. एकच व्याधी समजून आम्ही दोन रोग्यांना एकच औषध देत होतो.

लॅपटॉपवर पट्टी पिवळी नव्हती, तांबडी होती, आणि तिच्यावर होकाराचे बटणच नव्हते. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने शेवटी ठरविले, की महाजालावरून आलेल्या धारिकेतील मॅक्रोंबाबत वापरणाऱ्याला विचारायचेच नाही. ते थेट बंद. (निर्णय फेब्रुवारीत जाहीर झाला, जुलैत काही काळ मागे घेतला आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केला; इतक्या वर्षांची सवय मोडताना रखवालदाराचाही हात कापला असावा.) टपालाने किंवा जालावरून आलेल्या धारिकेला विंडोज एक अदृश्य खूण लावते, एक्सेल ती पाहते. खूण काढण्याचा मार्ग साधा आहे : एक्सेल बंद ठेवून धारिकेवर उजवी कळ, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’. अर्थात धारिका आपलीच आहे याची खात्री असेल तर. आम्ही खूण काढली. परवलीचा शब्द दिला. आता वेगळाच निरोप आला : लपविलेल्या मॉड्यूलमध्ये संकलनाची चूक. लॅपटॉपवरील ऑफिस ६४ बिटांचे. संहिता ३२ बिटांच्या काळातली. एरवी दोन-चार ओळी सुधारून भागले असते, परंतु संहितेला त्या मुलाचे कुलूप होते. चूक आहे, ती अमुक प्रकरणात आहे, पण ते प्रकरण तुम्हांस वाचता येणार नाही, असे सांगणारा ग्रंथ आमच्या वाचनात पूर्वी आला नव्हता.

जुन्या संगणकावर ती अडचण नव्हती, तेथील ऑफिस ३२ बिटांचेच होते. तेथे अडथळा होता काकांच्या स्वतःच्या कुलपाचा. २०१२ साली त्यांनी ही धारिका नव्या स्वरूपात साठविली आणि कारखान्याचे भाव बाहेर फुटू नयेत म्हणून उघडण्याचा शब्द लावला. नव्या स्वरूपात या शब्दाने मॅक्रोही कूटरूपात जातात. आणि कूट मॅक्रो तपासू शकणारा विषाणूरोधक यंत्रावर नसेल तर एक्सेल ते बंद ठेवते. पिवळ्या कागदावरच्या ‘लो’शी याचा संबंध नाही, ती निराळी व्यवस्था आहे. काकांनी संगणक मंद चालतो म्हणून विषाणूरोधक मागेच काढून टाकला होता. म्हणजे धारिका दहा वर्षांपूर्वी चालत होती ती त्या विषाणूरोधकाच्या भरवशावर, आणि तो गेला त्या दिवशी ती मुकी झाली. कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. त्या वर्षाची वही कोणी उघडलीच नव्हती.

उपाय त्यावरूनच सुचला. मूळ धारिका बाजूला ठेवून तिची नक्कल घेतली. जुन्या संगणकाची जालाची वायर काढली. नक्कल परवलीचा शब्द देऊन उघडली. मॅक्रो बंद असले तरी उघडण्याचा शब्द काढता येतो. तो रिकामा करून धारिका साठविली. ती पेनड्राइव्हवर घालून लॅपटॉपवर नेली आणि तेथील विषाणूरोधकाकडून, आता कूट नसल्याने, नीट तपासून घेतली. तक्रार आली नाही. पुन्हा जुन्या संगणकावर आणली. उघडल्यावर वरच्या बाजूस पिवळी पट्टी आली आणि तिच्यावर ते बटण होते. (‘ट्रस्ट सेंटर’मधील पातळी ‘सर्व चालू’वरून ‘विचारून चालू’वर आम्ही आधीच आणून ठेवली होती, नाहीतर पट्टीही आली नसती.) काकांनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न विचारला जाताना कोणी थांबून पाहत आहे, असे पहिल्यांदाच घडत असावे.

‘दाबू का, सर?’

दाबा, म्हणालो. पाने एकामागून एक उलगडली. पुरवठादारांची नावे, नोंदणी क्रमांक, बिलांच्या तारखा, कराची रक्कम. पाच-सहा ठिकाणी दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली दिसली. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीची असताना केव्हातरी नोंदी झाल्या असाव्यात. मूळ बिले फाइलींत होती, त्यांवरून काकांनी त्या पेन्सिलीने दुरुस्त करून घेतल्या. मग सारे मुद्रित केले, प्रत्येक पानावर सही आणि गोल शिक्का उठविला आणि शेवटच्या नोंदीखाली पट्टीने एक आडवी रेघ मारली. का मारली, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘पहिल्या साहेबांनी शिकवलंय. खाली कोणी काही घुसवू नये म्हणून.’

अपिलाचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. निघताना आम्ही त्यांना तो पिवळा कागद काढून टाकण्याची विनंती केली, आणि पातळी आता ‘विचारून चालू’वरच राहू द्या, असे सांगितले. कागद त्यांनी काढून आमच्या हाती दिला. तो आता आमच्या संग्रही आहे. पातळीविषयी मात्र ते थोडे घुटमळले. कारखान्यातील कामगारांची प्राप्तिकराची विवरणपत्रे ते दरवर्षी भरून देतात आणि त्या वर्षीचे एक्सेल-साधन त्यांनी आदल्याच दिवशी उतरवून ठेवले होते.

‘जुलै संपेपर्यंत राहू दे, सर. मग करतो.’